साडेतीन हजार माणसांचा जिल्हा

मुलांनो, घरात नकाशांचं पुस्तक असेल तर काढा आणि कॅनडाचं पान उघडा. डाव्या हाताला, पॅसिफिक महासागराच्या काठी, ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत दिसेल. त्याचा किनारा कसा आहे पाहा! कुणी हाताने कागद टरकावावा तसा. समुद्राचे लांबच लांब फाटे डोंगरांत आत आत घुसलेत आणि बाहेर बेटांचा नुसता सडा पडलाय. याच किनाऱ्याच्या मधल्या भागात एक जिल्हा आहे. त्याचं नाव सेंट्रल कोस्ट, म्हणजे मध्य किनारा.

हा जिल्हा आहे तरी केवढा? सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर. आपले रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे आणि त्यांच्या जोडीला अख्खा गोवा घेतला, की जवळपास तेवढी जागा होते. आता माणसं मोजू. आपल्या या मुलखात २०११ च्या जनगणनेत पासष्ट लाखांहून जास्त माणसं होती. आणि तिकडे? २०२१ साली भरली अवघी ३,५८२! एका माणसाच्या वाट्याला जवळजवळ सात चौरस किलोमीटर जागा. लपाछपी खेळायला बसलात, तर राज्य घेणाऱ्याचं काही खरं नाही!

बाकी सगळं रान, बर्फाचे डोंगर आणि पाणी. रानात आकाशाला भिडणारी सीडरची झाडं, नद्यांत सामन मासे आणि ते मासे खायला येणारी ग्रिझली अस्वलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा लोकांना सरकार कशाला हवं? ज्याने त्याने आपापलं पाहावं!

पण जरा विचार करा. घरातला कचरा टाकायचा कुठे? उघड्यावर टाकला, तर वासावर अस्वल थेट दाराशी यायचं. आग लागली तर बंब कुणाचा? पूर आला तर लोकांना सावध कोण करणार? विमानाची धावपट्टी नीट कोण ठेवणार? माणसं थोडी असली म्हणून ही कामं काही थोडी होत नाहीत. उलट, करायला हात कमी आणि मधलं अंतर फार.

पाच जणांचं मंडळ

या जिल्ह्यात एकही नगरपालिका नाही. म्हणजे नगराध्यक्ष नाही, महापौरही नाही. १९६० नंतरच्या दशकात ब्रिटिश कोलंबियाने आपल्या प्रांतात ठिकठिकाणी प्रादेशिक जिल्हे केले, त्यांतला हा एक. तो १९६८ साली झाला. त्याचे पाच विभाग आहेत आणि दर विभागातून लोक एक सदस्य निवडून देतात. झालं, पाच जणांचं मंडळ तयार! निवडणूक दर चार वर्षांनी होते. ऑक्टोबर २०२२ मध्येही ती झाली. अध्यक्ष मात्र हे सदस्य आपल्यातूनच निवडतात.

मंडळाची कचेरी बेला कूला या गावी आहे. तीन विभाग बेला कूलाच्या खोऱ्यातच आहेत. बाकीचे दोन बाहेरच्या बेटांकडे. तिथलं मोठं गाव म्हणजे बेला बेला. नावं जुळ्या बहिणींसारखी, पण एकीकडून दुसरीकडे जायला रस्ताच नाही! विमान पकडा, नाहीतर बोट. हिवाळ्यात धुकं नाहीतर वादळ आलं, की दोन्ही अडकतात. शेजारच्या गल्लीतल्या नळाची तक्रार ऐकायची तर आपला नगरसेवक चालत जाईल. इथे समुद्र ओलांडावा लागतो!

ज्याच्या गल्लीत दिवा, त्याला दिव्याची पट्टी

या कारभाराची एक गंमत सांगते. जी सोय ज्या वस्तीला मिळते, तिचा खर्चही त्याच वस्तीने द्यायचा. समजा, खोऱ्यातल्या एका वस्तीत रस्त्यावर दिवे लावले. मग त्या दिव्यांची पट्टी तिथल्याच घरांना भरावी लागते. दूरच्या बेटावरच्या कोळ्याकडून त्या दिव्यांसाठी एक पैसाही घेत नाहीत. पाण्याचं तसंच, बंबाचंही तसंच. कचरा टाकायची सोय सगळ्यांच्या उपयोगाची, म्हणून तिचा भार जास्त जणांवर. आणि मोठं कर्ज काढायचं ठरलं, तर मंडळाला आधी लोकांची संमती घ्यावी लागते.

यात न्याय आहे, पण एक अडचणही आहे. वस्ती वीस घरांची असेल, तर पाण्याच्या नळाचा सगळा खर्च त्या वीसच घरांत वाटला जातो. नळाची किंमत काही माणसं मोजून कमी होत नाही! म्हणून दर वेळी हिशोब मांडावा लागतो: हे आपल्याला हवंय का, आणि हवं असेल तर झेपेल का? असा हिशोब करणं हाच तर खरा राज्यकारभार.

सगळं काही कंपनीचं

आपलं गाव आपण चालवलं नाही तर काय होतं? त्याची एक गोष्ट याच जिल्ह्यात घडली.

ओशन फॉल्स हे गाव एका कागद गिरणीभोवती वसलं. एके काळी तिथे तीन हजारांहून जास्त लोक राहत. घरं कंपनीची, दुकानं कंपनीची, कारभारही कंपनीचा. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, म्हणून तिथले लोक स्वतःला ‘पाऊसवाले’ म्हणवून घेत. बाहेर खेळता येईना, तर मुलं तलावात पोहायला शिकली आणि अशी शिकली, की याच गावचा राल्फ हटन १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं रौप्यपदक घेऊन आला. जिल्ह्यालाही पहिलं नाव याच गावाचं दिलं होतं.

पण पुढे कंपनीने गिरणी बंद करायचं ठरवलं. प्रांताच्या सरकारने ती विकत घेऊन काही वर्षं चालवली. शेवटी १९८० मध्ये ती कायमची थांबली. काम गेलं, तशी माणसंही गेली. बरीचशी घरं पाडून टाकली. आज तिथे शंभर माणसंसुद्धा नाहीत. गिरणीसाठी बांधलेलं धरण मात्र अजून वीज देतं आणि ती वीज थेट बेला बेलाच्या घरांत उजेड करते.

कंपनी निघून गेली, पण उरलेल्या माणसांसाठी बोलणारा एक सदस्य आजही त्या पाच जणांत बसतो. विचार करा, गाव छोटं झालं म्हणून त्याचं मतही काढून घेतलं असतं तर?

आमचा रस्ता आम्ही करू!

आता याच्या अगदी उलटी गोष्ट ऐका. ही आहे मंडळ व्हायच्या पंधरा वर्षं आधीची. बेला कूलातून बाहेर पडायला तेव्हा मोटारीचा रस्ताच नव्हता. वरच्या पठारापर्यंत रस्ता आला होता, पण मध्ये सुमारे दीड हजार मीटर उंचीचा डोंगर! इथे रस्ता होणं कठीण, असं सरकारी इंजिनिअर म्हणाले. गावकरी म्हणाले, मग आम्हीच करतो. त्यांनी वर्गणी काढली, सरकारकडूनही थोडे थोडे पैसे मिळवले. एक बुलडोझर डोंगराच्या वरून खाली खोदत निघाला, एक खालून वर. २६ सप्टेंबर १९५३ रोजी दोन्हींची पाती एकमेकांना टेकली! लोकांनी त्याला नाव दिलं ‘फ्रीडम रोड’, स्वातंत्र्याचा रस्ता.

आजही या घाटात कच्चा रस्ता आहे. काही ठिकाणी शंभर मीटर पुढे गेलं, की अठरा मीटर खाली उतरतो. सप्टेंबर २०१० मध्ये मोठा पूर आला आणि हा महामार्ग ठिकठिकाणी तुटला. लोकांना हेलिकॉप्टरमधून हलवावं लागलं. एकुलता एक रस्ता असला की असं होतं.

आधीपासून राहणारे

पण थांबा, सगळ्यात महत्त्वाचं तर राहिलंच. या जिल्ह्यातले निम्म्याहून जास्त लोक नुहाल्क, हेल्टसुक आणि वुइकिनुख या मूळ रहिवाशांपैकी आहेत. ट्रिकेट बेटावर शोध घेणाऱ्यांना एका चुलीचा कोळसा सापडला. तो निघाला सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा! सगळीकडे बर्फ असतानाही आपले पूर्वज इथे राहत, असं हेल्टसुक आजी-आजोबा नातवंडांना सांगत आले होते. ते खरं ठरलं.

या लोकांचा स्वतःचा कारभार होता. ‘पॉटलॅच’ नावाच्या मोठ्या समारंभात सगळ्यांसमोर मान दिला जाई, हक्क सांगितले जात आणि आलेल्यांना भेटी वाटल्या जात. कॅनडा सरकारने कायद्याने ही प्रथाच बंद केली, १८८५ ते १९५१ पर्यंत. प्रांताच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्कही त्यांना १९४९ साली मिळाला. ज्यांचा मुलूख, त्यांनाच विचारायचं नाही, असा तो काळ होता.

आज त्यांची स्वतःची मंडळं आहेत आणि आपल्या वस्त्यांचा कारभार ती पाहतात. म्हणजे एकाच खोऱ्यात दोन सरकारं! पूर मात्र दोघांच्या दारात एकदमच येतो. म्हणून आज शेजारी बसून बोलल्याशिवाय दोघांनाही गत्यंतर नाही.

तर मुलांनो, गाव केवढं आहे यावर त्याचा हक्क ठरत नाही. साडेतीन हजार माणसांनाही आपला कचरा, आपलं पाणी आणि आपला रस्ता याबद्दल बोलायची जागा लागते. ती नसली की दुसरं कुणीतरी आपल्यासाठी ठरवून मोकळं होतं.

आता एक काम करा. घरात घरपट्टीची पावती असेल, ती आईबाबांकडून मागून घ्या. तिच्यावर दिवाबत्ती, आरोग्य, पाणी असे वेगवेगळे रकाने दिसतात का ते पाहा. मग संध्याकाळी गल्लीत चक्कर मारा. पट्टी भरलेला दिवा लागलाय का? नसेल लागला, तर कुणाला विचारायचं तेही घरातूनच शोधून काढा.