‘स्क्वेअर फुटाला काय रेट?’ एवढंच विचारून घर बांधायला काढू नका. घराचा खर्च असा काढा

परभणी : जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात चक्कर मारा, चार-दोन घरं अशी दिसतातच. स्लॅब पडलेला, वर गंजलेले गज, विटांना गिलावा नाही, खिडक्यांना पोत्याचे पडदे. आत लेकरंबाळं राहतात. मालकाला विचारलं तर म्हणतो, “इस्टिमेट चुकलं.” खरं तर बऱ्याच जणांनी इस्टिमेट केलेलंच नसतं. गुत्तेदाराला ‘फुटाला काय रेट’ विचारलेला असतो, त्याला आपल्या जागेच्या फुटांनी गुणलेलं असतं आणि काम सुरू झालेलं असतं.

स्क्वेअर फुटाचा रेट हा अंदाज आहे, हिशेब नाही. हिशेब स्वतःला करता येतो. त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. वही, टेप आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी विचारा : फूट कोणते?

समजा घर बाहेरून 20 बाय 30 आहे. म्हणजे 600 स्क्वेअर फूट. पण स्लॅब चारही बाजूंनी एक-एक फूट बाहेर काढला तर तो होतो 22 बाय 32, म्हणजे 704 स्क्वेअर फूट. गुत्तेदार बिल लावतो ते बहुतेक वेळा स्लॅबच्या मापाने. 1,500 चा रेट ठरला असेल तर या 104 फुटांचेच 1 लाख 56 हजार होतात. रेट तोच, माणूस तोच, पण दीड लाखाचा फरक फक्त टेप कुठे लावला यावर पडतो. म्हणून माप भिंतीच्या बाहेरून की स्लॅबचं, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

दुसरा प्रश्न : रेटमध्ये काय-काय आहे? एक जण 1,500 सांगतो, दुसरा 1,700. पहिला स्वस्त वाटतो. पण त्याच्या रेटमध्ये दारं-खिडक्या, संडासाचा खड्डा, पाण्याची टाकी, लाइट फिटिंग धरलेलं नसेल तर तोच महाग पडतो. जोत्याची भरणी कुणाकडे, पाणी कुणाचं, जेसीबी कुणाचा, सेंट्रिंगच्या फळ्या-बल्ल्या कुणाच्या, हेही विचारा. जे बोललं नाही ते मालकाच्या अंगावर येतं, हा नियम धरून चला.

काळी माती पहिला घास खाते

गोदाकाठच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या पट्ट्यात काळी जमीन खोल आहे. जिंतूरच्या डोंगराकडच्या गावांत मुरूम बहुतेक ठिकाणी लवकर लागतो. एकाच मापाच्या दोन घरांच्या पायाचा खर्च त्यामुळे सारखा येत नाही.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. वरच्या वरच पाया घेतला तर घरही तिच्यासोबत हलतं आणि भिंतींना तिरप्या चिरा जातात. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम पाच फुटांवर लागेल असं धरलं आणि तो आठ फुटांवर निघाला, तर खोदाई वाढते, प्रत्येक कॉलमची उंची तीन फुटांनी वाढते, गज, सिमेंट, मजुरी सगळंच वाढतं. मुरूम फारच खोल असेल तर पायाची पद्धतच बदलावी लागते आणि ते इंजिनिअरलाच ठरवू द्या.

यावर स्वस्त उपाय आहे. रेट ठरवायच्या आधी जागेच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन बघा. अर्धा दिवसाचं काम आहे. आणि खोदून निघालेली काळी माती जोत्यात परत भरू नका. फुकटची भरणी म्हणून ती टाकतात आणि दोन वर्षांत फरशी उचलते. भरणी मुरमाचीच करा, थरावर थर, पाणी मारून, धुम्मस करून.

जुनं माळवद पाडून बांधत असाल तर दगड विकायची घाई करू नका. पाया आणि जोत्याच्या कामाला तो चांगला चालतो.

600 फुटांच्या घराला माल किती लागतो?

एक मजला, कॉलम-बीमचं, विटांचं साधं घर असेल तर गवंडी आणि इंजिनिअर एक ढोबळ आडाखा लावतात. फुटाला सिमेंट 0.4 पोतं, गज साडेतीन किलो, वाळू किंवा क्रश सँड 1.8 घनफूट, खडी 1.35 घनफूट. त्यावरून आपल्या 20 बाय 30 च्या घराची यादी अशी निघते. कंसात भाव दिले आहेत ते फक्त उदाहरणासाठी. तुमच्या तालुक्याचा आजचा भाव टाकून पुन्हा गुणा.

- सिमेंट 250 पोती (370 रुपये) : 92,500
- गज 2,100 किलो (58 रुपये) : 1,21,800
- वाळू किंवा क्रश सँड 11 ब्रास (5,000 रुपये) : 55,000
- खडी 8 ब्रास (3,500 रुपये) : 28,000
- विटा 11,000 (8 रुपये) : 88,000
- भरणीचा मुरूम 18 ब्रास (1,500 रुपये) : 27,000
- गवंडी, सेंट्रिंग, गिलाव्याची मजुरी, 700 फूट (300 रुपये) : 2,10,000
- खोदाई : 15,000
- पाणी, वाहतूक, किरकोळ : 25,000
- दारं-खिडक्या : 75,000
- फरशी, लावण्यासह, 750 फूट (70 रुपये) : 52,500
- लाइट फिटिंग : 45,000
- नळ, संडास-बाथरूम, टाकी, शोषखड्डा : 80,000
- स्वयंपाकाचा ओटा : 20,000
- रंग : 50,000

बेरीज होते 9 लाख 84 हजार 800. यावर दहा टक्के राखीव धरा. भाव वाढतात, विटा फुटतात, घरातलं कुणीतरी मध्येच म्हणतं “इथं एक खिडकी पाहिजे होती.” ती रक्कम धरून आकडा जातो 10 लाख 83 हजारांवर.

यात कंपाउंड वॉल, बोअर, जिना आणि वास्तुशांतीचं जेवण नाही. तेही तुमच्याच खिशातून जाणार आहे, तेव्हा वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवा. शेजाऱ्याच्या किंवा भावकीतल्या जुन्या हिशेबावर जाऊ नका. सिमेंटवरचा जीएसटीच 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे, गजाचा भाव तर महिन्याला हलतो.

खरी मेख : स्लॅब पडला म्हणजे घर झालं नाही

वरची यादी दोन भागांत वाटून बघा. पायापासून स्लॅबपर्यंत खर्च होतो साधारण सव्वापाच लाख. स्लॅबनंतर गिलावा, फरशी, दारं, लाइट, नळ, रंग यांना लागतात आणखी साडेचार लाख. म्हणजे ज्या दिवशी आपण स्लॅबचे पेढे वाटतो, त्या दिवशी जवळजवळ निम्मा खर्च बाकी असतो.

गावात अडकलेली घरं बहुतेक इथंच अडकलेली आहेत. डोळ्यांना घर उभं दिसतं, पैसा संपलेला असतो. मग कापसाच्या पट्टीची वाट, उसाच्या बिलाची वाट, आणि ते नाही जमलं तर शेकड्याने व्याज. म्हणून हातात सहा लाख असतील तर 600 फूट काढू नका. 350 फुटांचं पूर्ण घर बांधा आणि पुढे वाढवायला जागा सोडा. वाढीव कॉलम कुठे येतील ते आजच आराखड्यात घ्या.

पैसा हंगामाने येत असेल तर कामही हंगामाने करा. सोयाबीनच्या पैशात पाया आणि जोतं उरकून घ्या. भरणीला एक पावसाळा खाऊ द्या, ती दबून बसते, पुढे फरशी खचत नाही. उघडे राहिलेले गज सिमेंटच्या घोळाने माखून ठेवा. फक्त एक ध्यानात घ्या : पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असतात आणि नदीतून वाळूही निघत नाही, तेव्हा विटा आणि वाळू उन्हाळा संपायच्या आत जागेवर आणून ठेवा.

घरकुल मंजूर झालंय? मग हा हिशेब वाचाच

प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी घरकुलाला 1 लाख 20 हजार मिळतात. हा आकडा 2016 पासूनचा आहे. त्यासोबत संडासाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी. राज्य सरकारने 2025 मध्ये 50 हजारांची भर जाहीर केली, त्यातले 15 हजार छतावरच्या सोलरसाठी आहेत. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचंही राज्याचं धोरण आहे. ग्रामसेवकाकडे तिची मागणी करा.

घर किमान 25 चौरस मीटर, म्हणजे 269 फुटांचं हवं. वरच्या हिशेबाने 269 फुटांना साडेचार लाखांच्या घरात खर्च येतो. कॉलम न घेता भिंतीवर स्लॅब टाकला, साधी फरशी, घरच्या माणसांची मजुरी असं केलं तर तो बराच खाली येतो. तरीही सगळं अनुदान मिळून खर्च भागत नाही, घरचे पैसे घालावेच लागतात.

चूक होते ती अशी : पहिला हप्ता पडतो आणि माणूस म्हणतो, आता बांधायचंच तर मोठं बांधू. 269 च्या जागी 600 फुटांचं जोतं काढतो. पुढचे हप्ते काम जसं वर येईल तसे, फोटो काढल्यावर मिळतात. मोठं जोतं वर येत नाही, फोटो होत नाही, हप्ता अडकतो आणि हप्ता अडकला म्हणून काम अडकतं. आधी मंजूर मापाचं घर पूर्ण करा, हप्ते उचला, मग वाढवा.

मालाची मोजणी स्वतः करा

हिशेब कागदावर बरोबर आणि जागेवर चुकीचा, असंही होतं. तीन मापं पाठ करा.

ब्रास : एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉलीच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणा, शंभराने भागा. हौदा 10 फूट लांब, 6 फूट रुंद असेल तर माल 20 इंच भरला तेव्हा एक ब्रास होतो. मधे ढीग आणि कडेला रिकामं असेल तर आधी सपाट करायला लावा. गवंडी गिलाव्याच्या किंवा फरशीच्या 100 स्क्वेअर फुटालाही ‘ब्रास’च म्हणतात. तो वेगळा, घोटाळा करू नका.

गज : भाव किलोचा असतो, पण येतात नग. 12 मीटरच्या एका गजाचं वजन 8 एमएमला पावणेपाच किलो, 10 एमएमला 7.4, 12 एमएमला 10.6 आणि 16 एमएमला 19 किलोच्या आसपास भरतं. नग मोजून गुणा आणि काट्याच्या पावतीशी ताडून बघा.

विटा : नऊ इंची भिंतीच्या 100 स्क्वेअर फुटाला हजारभर विटा लागतात, चार इंचीला त्याच्या निम्म्या. दारं-खिडक्या वजा करायला विसरू नका.

कुठे वाचवायचं, कुठे नाही

फरशी साधी घ्या, रंग एक हात कमी मारा, फॉल सिलिंग सोडा, समोरची शोभेची कमान सोडा. हे सगळं पुढे करता येतं. पाया, कॉलम, बीम, स्लॅब आणि खिडक्यांवरचा सलग लिंटेल यांत काटकसर नको, कारण ते पुन्हा करता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारी आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवते. दगड-मातीच्या जड भिंतींनी झोपेतल्या माणसांना दाबलं. 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली, परभणी, नांदेड भागात धक्के बसले तेव्हाही लोक घराबाहेर पळाले होते. भिंतींना चारही बाजूंनी बांधून ठेवणारा सलग पट्टा हा चैनीचा खर्च नाही.

स्लॅबला निदान दहा-पंधरा दिवस पाणी मारा. तितकं पाणी उन्हाळ्यात टँकरने आणावं लागणार असेल तर तोही खर्च यादीत धरा. आणि इंजिनिअरचा आराखडा घ्याच. एका टन गजाच्या पैशात बहुधा आराखडा होऊन वर पैसे उरतात. आराखडा नसला की गवंडी भीतीपोटी कुठे जास्त गज टाकतो, कुठे कमी.

शेवटी, कागदावर घ्या

गुत्तेदार नात्यातला असला तरी साध्या कागदावर लिहा : माप कोणतं, रेट किती, रेटमध्ये काय आहे, काय नाही, सिमेंट-गज कोणत्या प्रतीचा, काम किती महिन्यांत. पैसे तारखेवर नाही, टप्प्यावर द्या. जोतं झालं की इतके, लिंटेलला इतके, स्लॅबला इतके, गिलाव्याला इतके. शेवटची रक्कम नळाला पाणी येऊन, बटण दाबल्यावर दिवा लागेपर्यंत हातात ठेवा. लिहून घेतल्याने नातं तुटत नाही. अर्ध्यात थांबलेल्या घरावरून मात्र सख्ख्या भावांची बोलाचाली बंद झालेली आपण गावोगावी पाहतो.