धूर येण्याआधी लेकरं बाहेर



मागच्या पावसाळ्यात एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक सुरू असतानाच धूरफवारणीचं मशीन आलं. आवाज ऐकताच लेकरं त्या पांढऱ्या धुरामागं धावत सुटली. मी हाका मारल्या, तर एक आजी हसून म्हणाल्या, "धावू दे नं बाई! धुरानं मच्छर मरते, पोट्ट्याले काय होते?" त्याच गावात एका ताईनं मात्र घरात तान्हं बाळ आहे म्हणून घरफवारणीवाल्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

एकीला भीतीच नाही, दुसरीला जास्तच भीती. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मलेरिया लेकरांचा जीव घेतो, म्हणून फवारणी हवीच. पण ती नीट समजून घेऊन हवी.

धूर वेगळा, घरफवारणी वेगळी

धुराच्या मशीनमध्ये कीटकनाशक बहुतेक वेळा डिझेलमध्ये मिसळलेलं असतं. हा धूर त्या वेळी उडणाऱ्या डासांनाच मारतो. धूर विरला की त्याचं काम संपलं.

घरफवारणीत आरोग्य विभागाचे लोक आतल्या भिंतींवर पंपानं औषध मारतात. मलेरियाचा डास रात्री चावतो आणि रक्त पिऊन भिंतीवर टेकतो. भिंतीवरचं औषध त्याच्या पायांना लागतं आणि तो मरतो. हा असर काही आठवडे टिकतो. म्हणून फवारणीनंतर लगेच भिंत सारवू नका, चुना लावू नका. सण जवळ असेल तर सारवण फवारणीच्या आधी उरकून घ्या.

लेकरांना जास्त त्रास का?

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेतं. ते जमिनीवर रांगतं, हात तोंडात घालतं. त्याचं वजन कमी, त्यामुळे थोडंसं औषधही त्याला जास्त पडतं.

फवारणीच्या दिवशी काय करायचं?

आधी: पाण्याचे माठ, अन्न, दूध, धान्य झाका किंवा बाहेर काढा. बाळाची झोळी, कपडे, खेळणी बाहेर न्या. कोंबड्या-शेळ्या लांब बांधा. घरात धूर किंवा डब्यातला स्प्रे मारणार असाल तर चूल आणि देवाजवळचा दिवा विझवा. डिझेल आणि स्प्रेमधला गॅस पेट घेऊ शकतो.

चालू असताना: लेकरं, गरोदर ताई, दमेकरी आणि म्हातारी माणसं लांब थांबतील. गावात धूर येतो तेव्हा दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद, हे फवारणी करणाऱ्यालाच विचारा. धूर घरात घेणार असाल तर आत कोणीही थांबू नका.

नंतर: घरफवारणी झाली तर भिंत पूर्ण वाळेपर्यंत, निदान दोन तास, लेकराला आत नेऊ नका. दुकानातला स्प्रे मारला असेल तर डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. मग दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्या. आधी मोठ्या माणसानं आत जाऊन झाडावं आणि जमीन ओल्या फडक्यानं पुसावी. भिंत मात्र पुसायची नाही. मेलेले किडे पुरून टाका, कोंबड्यांना खाऊ देऊ नका.

कापसाचं औषध घरात नको

काही घरांत ढेकणांसाठी बाजेवर शेतातलंच औषध मारतात. ताईंनो, हे कधीच करू नका. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ते तर मोकळ्या शिवारात होते. मग बंद खोलीत बाजेवर झोपलेल्या लेकराचं काय होईल? औषधाची बाटली कुलपात ठेवा. रिकामी झाली तरी तिच्यात तेल-पाणी भरू नका.

त्रास झालाच तर

उलटी, तोंडातून लाळ, खूप घाम, थरथर, दम लागणं, झटके यांपैकी काहीही दिसलं तर लेकराला मोकळ्या हवेत आणा. कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा. मुद्दाम उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. 108 वर फोन करा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या.

धुराच्या भरवशावर राहू नका

धूर विरला की नवे डास येतातच. म्हणून लेकराला रोज औषधी मच्छरदाणीत झोपवा. ती सारखी धुऊ नका, धुतली तर सावलीत वाळवा आणि ते पाणी नदी-तळ्यात सोडू नका, मासे मरतात. डेंग्यूचा डास साठवलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंड्यापासून वाढ व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण-टाक्या रिकाम्या करून घासा. ताप आला तर त्याच दिवशी आशाताईकडून रक्त तपासून घ्या.

येत्या बैठकीत एक ठराव करा: फवारणीची तारीख एक दिवस आधी कळवायला ग्रामपंचायतीला सांगायचं. आणि प्रत्येक गल्लीत एक ताई ठरवा, जी मशीनचा आवाज येण्याआधीच लेकरांना गोळा करून लांब नेईल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक