कार्यात्मक वनस्पतिगट, उत्तर ध्रुवीय प्रदेशातील
वनश्रीच्या गणितीय प्रतिकृतीत प्रत्येक जातीचा स्वतंत्र विचार करणे शक्य नसल्याने कार्यदृष्ट्या सारख्या जातींचे जे गट कल्पितात, त्यांना कार्यात्मक वनस्पतिगट म्हणतात. हे वर्गीकरण वंशसंबंधांवर नव्हे, तर खोड काष्ठमय आहे की नाही, पाने सदापर्णी की पानझडी, थंडी कितपत सोसते इ. लक्षणांवर आधारलेले असते. सायबीरियातील लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पर्णहीन होतो. म्हणून त्याचा गट स्प्रूसपेक्षा निराळा मानतात. डॅनिश वनस्पतिवैज्ञानिक क्रिस्टेन राउंकीअर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केलेले जीवनरूपांचे वर्गीकरण याच विचारसरणीचे आहे.

प्रतिकृतीत प्रत्येक गटाला प्रकाशसंश्लेषणाचा वेग, पानांचे आयुर्मान, मुळांची खोली इत्यादींची मूल्ये दिलेली असतात. त्यांवरून व जलवायुमानावरून गटांतील स्पर्धा आणि कार्बनाचा साठा काढतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एलपीजे’ या जागतिक प्रतिकृतीत दहा गट होते : आठ काष्ठमय व दोन गवतांचे. उत्तरेकडील शीत वनांसाठी तीन गट असले, तरी टंड्रातील क्षुपे (झुडपे), शेवाळी व शैवाक (दगडफूल) यांना स्वतंत्र स्थान नव्हते. वस्तुतः एफ्. स्ट्यूअर्ट चॅपिन व सहकारी यांनी १९९६ मध्येच ध्रुवीय प्रदेशासाठी असे गट सुचविले होते. २००९ मध्ये एलपीजेच्या एका सुधारित आवृत्तीत दलदलीतील स्फॅग्नम शेवाळी व पूरसहिष्णू तृणसदृश वनस्पती यांचे गट घालण्यात आले.

या गटांचे कार्य परस्परांहून भिन्न असते. शेवाळींचा थर उन्हाळ्यात उष्णतारोधक ठरून खालची नित्य गोठलेली जमीन थंड राखतो. खुजा भूर्ज, विलो इ. क्षुपे बर्फावर डोकावल्यास पृष्ठभाग काळसर होऊन अधिक ऊष्मा शोषला जातो; उलट त्यांच्यात अडकलेले हिम हिवाळ्यात जमीन उबदार ठेवते. ॲल्डरच्या मुळांवरील गाठींत नायट्रोजनाचे स्थिरीकरण होते. फिकट रंगाचे शैवाक बराच प्रकाश परावर्तित करतात. ते कवक व शैवल यांचे सहजीवन असूनही प्रतिकृतीत सोयीसाठी वनस्पतिगट मानले जातात.

गट थोडे असल्यास हे भेद लोपतात. फार वाढविल्यास आवश्यक मोजमापे अपुरी पडतात. शिवाय एकाच गटातील जातींतही मोठी तफावत आढळते. म्हणून अलीकडे ठराविक मूल्यांऐवजी लक्षणांचे बदलते पल्ले वापरण्याकडे कल आहे. उत्तरेकडील नित्य गोठलेल्या जमिनींत वातावरणातील कार्बनाच्या सु. दुप्पट कार्बन साठलेला आहे. तो तेथेच राहील की वायुरूपाने बाहेर पडेल, याचा अंदाज शेवाळीसारख्या क्षुद्र वाटणाऱ्या गटाच्या योग्य चित्रणावरही अवलंबून असतो.