किल्ल्यात आलेली तार

मंडळी, युद्धातला विरह म्हटलं की डोळ्यांसमोर सैनिकच येतो. आपल्या जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. अशा कितीतरी घरांत पत्राची वाट पाहणं चालू होतं. पण त्याच युद्धात, याच नगरच्या किल्ल्यात, एक माणूस कैदेत बसून वाट पाहत होता. मौलाना अबुल कलाम आझाद, तेव्हाचे काँग्रेसचे अध्यक्ष.

3 ऑगस्ट 1942 ला मौलाना कलकत्त्याहून मुंबईला निघाले. झुलेखा बेगम आजारी होत्या, तरी दारापर्यंत आल्या. फक्त 'खुदा हाफिज' म्हणाल्या. 9 ऑगस्टला अटक झाली आणि नेहरू, पटेल आदींबरोबर मौलाना या किल्ल्यात आले.

आता जरा मागं जाऊ, कारण खरी गोम तिथं आहे. 1916 मध्ये सरकारनं मौलानांवर पहिल्यांदा कारवाई केली, तेव्हा बेगमना धीर धरवला नाही. मौलाना बरेच दिवस नाराज राहिले. त्यानंतर त्या बदलल्याच. 1941 मध्ये मौलाना नैनीच्या तुरुंगात असताना त्यांनी स्वतःचा आजारही कळू दिला नाही! नवऱ्याला काळजी नको म्हणून. मला विचाराल तर हा धडा मौलानांनी फार कडक शिकवला होता.

मार्च 1943 मध्ये प्रकृती गंभीर असल्याची तार किल्ल्यात आली. कैद्यांनी 'चीता खान' असं टोपणनाव दिलेले तुरुंगाधिकारी येऊन म्हणाले, सरकारकडे काही मागायचं असेल तर लगेच कळवतो. मौलाना म्हणाले, मला काही मागायचं नाही. मग ते नेहरूंकडे गेले. नेहरूंनी येऊन बराच वेळ समजावलं, त्यांनाही तेच उत्तर मिळालं.

बाहेरून सगळं रोजच्यासारखं. पहाटेचा चहा, लेखन, जेवणाच्या वेळा. पण 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकात मौलानांनी स्वतःच हे सोंग उघडं पाडलंय. रोज वर्तमानपत्र यायची वेळ झाली, पावलं वाजली, की छाती धडधडायची. मात्र खुर्चीची पाठ दाराकडे. हसत हसत खूण करायची, 'ठेवा टेबलावर', आणि मुद्दाम उशिरानं पेपर उचलायचा. बेगमनं जे वर्षानुवर्षं केलं, तेच आता मौलानांच्या वाट्याला आलं, नाही का?

9 एप्रिलला निधनाची तार आली. 36 वर्षांचा संसार संपला. दोन दिवसांनी मौलानांनी हे सगळं एका मित्राला उद्देशून पत्रात लिहिलं, जे टपालात पडणारच नव्हतं. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती, कुणाची ते माहीत नाही. त्या दिवशी ती कबर त्यांना वेगळीच वाटू लागली, असं त्या पत्रात आहे.

जून 1945 मध्ये सुटका झाली. हावडा स्टेशनवर प्रचंड गर्दी. मौलानांनी घरी जाण्याआधी मोटार कबरस्तानाकडे न्यायला सांगितली. गाडीतला एक हार उचलून त्यांनी कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा म्हटली.