सौ.ना भागीदार करताना

१९०७ साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी आपल्या वडोदऱ्यात अलेंबिकची मुहूर्तमेढ रोवली. भागीदारी इथे नवी नाही. कराचा हिशोब मात्र कित्येकांना ठाऊक नसतो. मकरपुऱ्यात छोटा कारखाना असलेले पालक हमखास विचारतात, "सौ.ना भागीदार केले की कर निम्मा ना?"

नाही. भागीदारी पेढीच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर लागतो. उरलेला नफा भागीदाराच्या हाती करमुक्त. काम करणाऱ्या भागीदाराचे वेतन (मर्यादेपर्यंत) आणि भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याज करारपत्रात लिहिले असेल तरच खर्चात धरतात, आणि ते भागीदाराच्या उत्पन्नात मोजतात. एप्रिल २०२५ पासून अशी रक्कम वर्षात २०,००० रुपयांवर गेली की पेढीने १० टक्के कर कापायचा.

प्रायव्हेट लिमिटेडची गोष्ट निराळी. पतीने पत्नीला शेअर भेट दिले, तर लाभांश पतीच्याच उत्पन्नात धरला जातो. तिने ते स्वतःच्या पगारातून किंवा स्त्रीधनातून घेतले असतील, तर तो तिचा. त्या व्यवहाराचे बँकेचे कागद मात्र जपून ठेवावेत.