देवराईचा कौल

कोकणातील देवराईमधला एखादा ऐन वा किंजळ तोडावयाचा झाला, तर तो प्रश्न पुष्कळ गावांत ग्रामपंचायतीच्या आधी देवापुढे जातो. पाषाणाला पाकळ्या वा तांदूळ चिकटवून गुरव गाऱ्हाणे घालतो, आणि कोणत्या बाजूचा दाणा आधी गळतो यावरून होकार-नकार ठरतो. शहरातील सुशिक्षिताला ही पद्धत हास्यास्पद वाटते. परंतु सह्याद्रीचे कित्येक डोंगर उघडेबोडके होत असता काळकाई, वाघजाई, सोमजाई यांच्या नावाने राखलेले लहानमोठे तुकडे हिरवे राहिले, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०नंतरच्या काही वर्षांत पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. त्या सुमारास श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची राई वनखात्याच्या तोडीत सापडली होती. गावाला ती हवी होती. तेथील गारंबीच्या महावेलीचे औषध गुरांच्या सर्पदंशावर चालते म्हणून दूरची माणसेही तेथे येत. वनस्पतिशास्त्रज्ञ गावाच्या बाजूने उभे राहिले. कुऱ्हाड सरकारी खात्याच्या हाती होती, हे विसरता कामा नये.

मात्र श्रद्धा अचल असते, हा समज भाबडा होय. पूर्वी बहुतेक ठिकाणी देव म्हणजे झाडाखालचा अनघड तांदळा. त्याला छप्पर सोसत नाही, अशी समजूत. आता त्याच देवाला काँक्रीटचे शिखर, फरशी, सभामंडप आणि थेट दारापर्यंत रस्ता हवा, असे गावोगाव वाटू लागले आहे. मुंबईत मिळवता झालेला चाकरमानी वर्गणी पाठवितो. जीर्णोद्धाराच्या पाटीवर नाव कोरले जाते. राईतले लाकूड घराला वर्ज्य, पण देवळाला चालते, हा तर जुनाच संकेत. त्याच्या आधारे कौलही मिळतो. विचारणाऱ्याने प्रश्न कसा मांडला, यावर पुष्कळ अवलंबून असते. (जनमताच्या चाचण्यांचे तरी दुसरे काय असते?)

अशा वेळी जैवविविधतेवर व्याख्यान देणाऱ्या अधिकाऱ्याचे गावकरी मुकाट ऐकून घेतात, आणि झाड पडावयाचे ते पडतेच. वर्गणीदार आपल्या दृष्टीने देवाचीच सेवा करीत असतो. त्याला निसर्गद्रोही म्हटले की तो अधिकच हट्टाला पेटतो. ‘या देवाला छप्पर सोसत नाही’ असे म्हणणारी गावातली एखादी म्हातारी त्याला निरुत्तर करू शकेल. पण वर्गणीच्या बैठकीला तिला कोणी बोलावीत नाही.