रस्त्यावरचा ओला पट्टा आणि आपली उसाची गाडी



हंगामात उसाची वाहने रात्रंदिवस चालतात. अंधारात गाडीवानाला डांबराची कड दाखवतो तो कडेचा पांढरा पट्टाच. हे पट्टे पाण्यात कालवलेल्या रंगानेही मारतात. पाण्याचा रंग इतक्या लवकर वाळतो कसा, ते आम्ही थोडक्यात सांगतो.

या रंगात ॲक्रिलिकचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. थोडा अमोनिया त्यांना सुटे ठेवतो. रंग रस्त्यावर पडला की अमोनिया उडतो आणि दूध नासावे तसे कण एकदम गोळा होतात. कोरड्या, उबदार हवेत दहा-पंधरा मिनिटांत रंग चाकाला लागत नाही. कडक थंडी, दव किंवा पाऊस असला, की मात्र काम बिघडते.

ओल्या रंगावर काचेचे बारीक मणी टाकतात. दिव्याचा उजेड तेच परत फेकतात. ओल्यावरून चाक गेले, की रंग फासला जातो, मणी निघतात आणि पट्टा रात्री दिसत नाही. चाकाच्या चिखलाने झाकला, तरी तेच.

तेव्हा चाकांचा चिखल काढूनच डांबरावर चढावे, ओल्या पट्ट्याला वळसा घालावा. घाई दहा मिनिटांची, पण धोका आपल्याच गाडीवानाला, हे ध्यानात ठेवावे.